पॉइंटर कोणाचा? पॅकेज मॅनेजरच्या बाइंडिंगची समीक्षा

समीक्षा हा शब्द आपल्याकडे कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीची समीक्षा म्हटलं की लोकांना वाटतं, वेग मोजायचा, बग मोजायचे आणि निकाल द्यायचा. आज मला वेगळं काही करायचंय. एक लायब्ररी मजकुरासारखी वाचायची, तिच्यात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहून गेलंय ते बघायचं. लायब्ररी आहे आर्च लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरची. तिचं नाव लिबअल्पम. आणि ती वाचताना आपण बोट धरणार आहोत तिच्या बाइंडिंगचं.

समोर सगळेच प्रोग्रामर नाहीत, म्हणून दोन वाक्यांत पाया घालून घेतो. लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणं, काढणं, अद्ययावत करणं हे काम पॅकेज मॅनेजर करतो. कोणत्या पॅकेजला कोणतं दुसरं पॅकेज लागतं, कोणाचं कोणाशी जमत नाही, कोणती फाइल कोणाची, हा सगळा हिशेब त्याच्याकडे. पॅकमन सी भाषेत लिहिलेला आहे, आणि 2007 मध्ये आलेल्या त्याच्या 3.0 आवृत्तीपासून हा हिशेबाचा भाग लिबअल्पम नावाच्या स्वतंत्र लायब्ररीत आहे. हेतू असा की पॅकमनखेरीज इतर प्रोग्रामनाही तो वापरता यावा. आता तुम्हाला पायथनमध्ये, गोमध्ये किंवा रस्टमध्ये एखादं साधन लिहायचं असेल, तर सीमधल्या या लायब्ररीशी बोलणारा एक मधला थर लागतो. त्या थराला बाइंडिंग म्हणतात.

या कामाबद्दल एक सार्वत्रिक समज आहे. हे हमालीचं काम आहे. तिकडचं फंक्शन इकडे आणायचं, नाव थोडं बदलायचं, संपलं. शिवाय स्विगसारखी साधनं आहेत, ती हेडर फाइल वाचतात आणि बाइंडिंग स्वतःच तयार करून देतात. मग माणसाने करायचं काय उरतं?

माझं म्हणणं असं की उरतं तेच खरं काम आहे. एखाद्या लायब्ररीचं सगळ्यात बारकाईने केलेलं वाचन तिच्या बाइंडिंगमध्ये सापडतं. कारण मूळ मजकुराने ज्या प्रश्नांची उत्तरं दिलेली नाहीत, त्यांची उत्तरं बाइंडिंग लिहिणाऱ्याला द्यावीच लागतात. तिथे त्याला मौन परवडत नाही.

याचा अनुभव मराठीत अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाला आहे. इंग्रजी संवादात 'यू' येतो. मराठीत काय लिहिणार? तू, तुम्ही की आपण? इंग्रजी वाक्य ते सांगत नाही. दोन माणसांचं नातं काय, वय काय, घर कोणतं, हे अनुवादकाला पूर्ण पुस्तकातून काढावं लागतं. मूळ लेखकाने त्याचा कधी विचारही केलेला नसेल. पण मराठी वाक्य निवड केल्याशिवाय पूर्णच होत नाही.

सी भाषेतला पॉइंटर हा असाच 'यू' आहे. तो सांगतो, मेमरीत अमुक ठिकाणी वस्तू आहे. ती वस्तू कोणाच्या मालकीची, किती वेळ टिकेल, वापरून झाल्यावर मोकळी कोणी करायची, यातलं काहीही त्या प्रकारात लिहिलेलं नसतं. रस्टमध्ये मात्र हे सगळं प्रकारातच लिहावं लागतं. पायथनमध्ये लिहावं लागत नाही, पण कचरा गोळा करणारी यंत्रणा तुमच्या वतीने निर्णय घेत असते, म्हणून तिला नीट माहिती पुरवावी लागते.

लिबअल्पममधलं एकच उदाहरण घेऊ. तिच्यात सगळीकडे एकच यादी वापरलेली आहे, अल्पम-लिस्ट. प्रत्येक कडीत एक पॉइंटर, आणि तो कशाकडेही बोट दाखवू शकतो. पॅकेजकडे, अक्षरमालेकडे, कशाकडेही. आता तीन फंक्शनं बघा. पहिलं, एखाद्या डेटाबेसमधली सगळी पॅकेजं द्या. यादी मिळते. ही यादी लायब्ररीची आतली आहे, तिला हात लावायचा नाही. दुसरं, डेटाबेसमध्ये शोध घ्या. पुन्हा तशीच यादी मिळते. ही यादी तुमची, ती तुम्ही मोकळी करायची, पण तिच्यातली पॅकेजं लायब्ररीची, ती करायची नाहीत. तिसरं, या पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे ते सांगा. पुन्हा यादीच. इथे यादीही तुमची आणि तिच्यातली नावंही तुमची, दोन्ही मोकळं करायचं.

प्रकार एक, नियम तीन. पहिल्याला तिसऱ्याचा नियम लावलात तर लायब्ररीची आतली रचना कोसळेल. तिसऱ्याला पहिल्याचा लावलात तर मेमरी गळत राहील. आणि स्विगला या तिघांत फरक दिसत नाही, कारण हेडरमधल्या प्रकारात तो नाहीच. तो आहे फंक्शनच्या वरच्या टिप्पणीत, आणि तिथेही नसेल तर लायब्ररीच्या पोटात. म्हणून म्हणतो, साधन सांगाडा देतं, वाचन माणसालाच करावं लागतं.

याहून नाजूक जागा पुढे आहे. पॅकेज फाइलमधून थेट उचलता येतं. असं उचललेलं पॅकेज तुमचं, वापर झाला की तुम्ही मोकळं करायचं. पण तेच पॅकेज बसवण्यासाठी व्यवहारात घातलंत, की मालकी बदलते. आता व्यवहार बंद होताना लायब्ररी ते मोकळं करणार. म्हणजे एकाच ओळीच्या आधी मोकळं करणं हे कर्तव्य, आणि त्याच ओळीनंतर तोच गुन्हा. सीमध्ये हे शिस्तीने सांभाळतात. रस्टच्या बाइंडिंगमध्ये फाइलमधून उचललेल्या पॅकेजला वेगळा प्रकारच दिलेला आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मूळ लायब्ररीत दोन गोष्टींना एकच नाव होतं, आणि बाइंडिंगने म्हटलं, नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला समीक्षक दुसरं काय करतो?

आता चुकांकडे येऊ, म्हणजे एररकडे. व्यवहाराच्या पायऱ्या अशा आहेत: सुरू करा, पॅकेजं घाला, तयारी करा, अमलात आणा, बंद करा. तयारीच्या पायरीवर अडलं तर फंक्शन उणे एक परत करतं, चुकीचा क्रमांक हँडलमध्ये ठेवतं, आणि सोबत एक यादी देतं. यादीत काय असतं? ते चुकीच्या क्रमांकावर अवलंबून! डिपेन्डन्सी पूर्ण होत नसेल तर एका प्रकारच्या नोंदी, दोन पॅकेजांचं भांडण असेल तर दुसऱ्या प्रकारच्या, आणि प्रोसेसर जुळत नसेल तर नुसती नावं. आधी क्रमांक विचारा, मग ठरवा की हातात काय आहे.

सीचा प्रोग्राम लिहिणारा यावर एक स्विच लिहितो आणि पुढे जातो. पॅकमनचा स्वतःचा कोड तेच करतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण पायथनमध्ये बाइंडिंग लिहिणाऱ्याने क्रमांक बघायचा आळस केला, तर वापरणाऱ्याच्या हाती येतं एक वाक्य: व्यवहार तयार होऊ शकला नाही. का, कोणामुळे, ते नाही. मग तो बिचारा त्या वाक्यातले शब्द शोधून कारण ओळखायला लागतो. आणि ते वाक्य भाषांतरित होऊन येतं. यंत्राची भाषा बदलली की त्याचा प्रोग्राम आंधळा. रस्टच्या बाइंडिंगने तिन्ही शक्यता एका प्रकारात स्पष्ट मांडल्या आहेत. त्यामुळे वापरणाऱ्याला निदान कळतं की अशा तीन परिस्थिती असतात. लायब्ररीला ते पहिल्यापासून माहीत होतं. फक्त तिने ते प्रकारात सांगितलं नव्हतं.

तिसरी जागा कॉलबॅकची. म्हणजे लायब्ररी काम करताकरता तुम्हाला उलटा फोन करते: एवढं डाउनलोड झालं, ही नोंद लिहून घ्या, हे पॅकेज बदलू का? हो की नाही सांगा. इथे मला मूळ रचनेवर थोडी कडक टीका करायची आहे.

नोंदीच्या कॉलबॅकमध्ये लायब्ररी तयार वाक्य देत नाही. ती देते एक साचा आणि सोबत सीच्या खास पद्धतीची मूल्यांची गुंडाळी. ती गुंडाळी उलगडायचं तंत्र फक्त सीकडे आहे. पायथनला ती कळत नाही, गोला कळत नाही. म्हणून आधी सीमधूनच वाक्य पूर्ण करून घ्यावं लागतं आणि मगच ते पुढे द्यावं लागतं. ही रचना करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वापरणारा म्हणून फक्त सीचा प्रोग्रामर होता, हे इथे लख्ख दिसतं. लायब्ररी वेगळी काढली होती, पण ऐकणारा अजून घरातलाच होता.

त्याच खोलीतली दुसरी गोष्ट. बरीच वर्षं या कॉलबॅकना 'हा फोन कोणासाठी' हे सांगायला जागाच नव्हती. वापरणाऱ्याने आपली माहिती सोबत पाठवावी असा पॉइंटर नव्हता. त्यामुळे पायथनमधलं फंक्शन कुठेतरी जागतिक चलात दडवून ठेवावं लागे. 2021 साली आलेल्या 6.0 आवृत्तीत ही जागा दिली गेली. आता गंमत बघा. पॅकमन स्वतः त्या जागेत काय पाठवतो? काहीच नाही, रिकामा पॉइंटर. त्याला गरजच नाही. म्हणजे हा बदल पूर्णपणे बाहेरच्या वापरणाऱ्यांसाठी होता. त्याआधी 2011 मध्ये, 4.0 आवृत्तीत, लायब्ररीची सगळी अवस्था एका हँडलमध्ये आली आणि प्रत्येक वापरणाऱ्याला आपलं हँडल मिळालं. या दोन बदलांना मी लिबअल्पमच्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक क्षण मानतो. 2007 मध्ये तिला लायब्ररी हे नाव मिळालं, आणि लायब्ररी होण्याचं काम पुढे चौदा वर्षं चाललं.

आणि यात पणाला काय लागलेलं आहे? हे सगळं रूटच्या अधिकाराने चालतं. समजा अमलात आणण्याच्या पायरीवर, अर्ध्या फाइल बदलून झालेल्या असताना, कॉलबॅक येतो आणि तुमच्या पायथन फंक्शनमध्ये एक्सेप्शन उडतं. सीला एक्सेप्शन माहीत नाही. ते मधल्या थराने पकडून ठेवायचं, लायब्ररीला काहीतरी सभ्य उत्तर द्यायचं, आणि नियंत्रण परत आल्यावर ते पुन्हा उडवायचं. रस्टमध्ये पॅनिक सीच्या हद्दीत शिरला तर काय होईल याची पूर्वी शाश्वतीच नव्हती. 2024 च्या 1.81 आवृत्तीपासून प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो. भाषेच्या दृष्टीने हा सुरक्षित निर्णय. पण अर्धवट बदललेल्या यंत्राच्या दृष्टीने? डेटाबेसवरचं कुलूप म्हणून ठेवलेली फाइल तशीच राहते, काही फाइल नव्या, काही जुन्या. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करणाऱ्याला बाइंडिंग हा शब्दही ठाऊक नसतो. त्याला एवढंच दिसतं की कालपर्यंत चालणारा संगणक आज उठत नाही.

इथे तुलनेसाठी दोन शेजारी बघू. पहिला लिबसॉल्व्ह. डिपेन्डन्सीचं कोडं सोडवणारी ही लायब्ररी ओपनसुसेचा झिपर आणि फेडोराचा डीएनएफ, दोघांच्या पायाशी आहे. तिच्या आत वेगासाठी सगळं आकड्यांत चालतं. पॅकेज म्हणजे एक क्रमांक, आणि तो क्रमांक कोणत्या कोशातला हे सोबत माहीत असेल तरच त्याला अर्थ. हे असंच बाहेर दिलं असतं तर पायथनवाल्याच्या हाती नुसते आकडे आले असते. पण तिच्या बाइंडिंगमध्ये कोश आणि क्रमांक जोडून एक नवी वस्तू केलेली आहे, आणि पर्ल, पायथन, रूबी, टीसीएल या चारही भाषांत तीच दिसते. साधन स्विगच आहे बरं का! पण आधी माणसाने वाचन केलंय, मग साधनाला कामाला लावलंय. आणि हे बाइंडिंग मूळ लायब्ररीच्याच कोडसोबत राहतं.

दुसरा शेजारी डेबियनचा पायथन-एपीटी. तिथे सी प्लस प्लसमधली वस्तू पायथनच्या वेष्टणात घालताना त्या वेष्टणात 'मालक' नावाचा एक कप्पा ठेवलाय. पॅकेजची वस्तू जिवंत आहे तोवर ती ज्या कॅशमधून आली ती कॅशही जिवंत राहते. साधा कप्पा आहे. पण 'हा पॉइंटर कोणाचा' या प्रश्नाचं उत्तर तिथे लिहून ठेवलंय, वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेलं नाही.

लिबअल्पमची बाइंडिंगं मात्र मूळ प्रकल्पाच्या बाहेर, वेगवेगळ्या लोकांनी सांभाळलेली आहेत. त्याचा परिणाम प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दिसतो. मार्च 2024 मध्ये पॅकमन 6.1 आला आणि लायब्ररीचा अंक चौदा झाला. जुलैमध्ये 7.0 आला, अंक पंधरा झाला. अंक बदलला की जुन्या अंकाला जोडलेले प्रोग्राम उघडतच नाहीत. येय हा गोमधला आणि पारू हा रस्टमधला, आर्चच्या लोकांच्या रोजच्या वापरातले हे दोन्ही मदतनीस असे बंद पडतात. गंमत अशी की ही साधनं ज्या मार्गाने अद्ययावत व्हायची, तो मार्ग म्हणजे ती स्वतःच. मग माणसाने हाताने कोड आणून पुन्हा बांधायचा. जाणकाराला दहा मिनिटांचं काम. नवख्याचा दिवस गेला.

पॅकमनच्या बाजूने न्यायाने सांगितलं पाहिजे की ते काही लपवत नाहीत. त्यांच्या रीडमी फाइलमध्ये एका आवृत्तीतून दुसरीत एपीआयमध्ये काय बदललं त्याची यादी असते. अंक बदलणं हेसुद्धा प्रामाणिकपणाच आहे. अंक न बदलता आतली रचना बदलली असती तर प्रोग्राम उघडले असते आणि मग काहीही केलं असतं. ते कितीतरी वाईट. माझी तक्रार बदलांबद्दल नाही. बदलाची किंमत कोण मोजतं, याबद्दल आहे. मूळ लायब्ररीत एक ओळ बदलते, आणि तीन भाषांतले तीन स्वयंसेवक आपापल्या संध्याकाळी तेच वाचन पुन्हा करतात, तोच प्रश्न पुन्हा सोडवतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तो असा की मग लायब्ररी उघडी ठेवायचीच कशाला? पायथनच्या पिपने स्पष्ट सांगितलंय: आमचं आतलं काही आयात करू नका, तसा वापर आम्ही मानत नाही, आज्ञा म्हणून चालवा. रस्टच्या कार्गोची वाटही तशीच. लायब्ररी म्हणून ती स्थिर नाही, पण प्रकल्पाची माहिती हवी असेल तर एक आज्ञा आहे, ती जेसनमध्ये उत्तर देते. ही भूमिका मला मान्य आहे. दार बंद आहे असं सांगणाऱ्यावर रुसण्यात अर्थ नाही, विशेषतः त्याने शेजारी एक खिडकी नीट उघडून दिलेली असेल तर.

पण ती खिडकी नसेल, तर लोक आज्ञेचं माणसांसाठी लिहिलेलं उत्तर कापून कापून वाचतात. डेबियनची एपीटी आज्ञा तर स्वतःच इशारा देते की माझं बाह्यरूप स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. म्हणजे दोन प्रामाणिक पर्याय आहेत. दार बंद करा आणि खिडकी द्या, किंवा दार उघडा आणि उंबरठा नीट बांधा. दार उघडं ठेवून उंबरठ्याचं काम येणाऱ्याजाणाऱ्यावर सोपवणं हा तिसरा पर्याय, आणि लिबअल्पम बराच काळ तिथे उभी होती. आता ती हळूहळू बाहेर येते आहे, हे वर सांगितलंच.

मग मागणी काय? फार मोठी नाही. पॉइंटर परत करणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर, तो कोणाचा आणि किती काळ खरा, हे एका ठरावीक साच्यात लिहा. साचा ठरला की साधनंही तो वाचू शकतात. दुसरं, मूळ प्रकल्पाने एका तरी परक्या भाषेचं बाइंडिंग आपल्याच चाचण्यांत चालवावं. ते सगळ्यांनी वापरावं म्हणून नव्हे. बदल करणाऱ्याला त्याच दिवशी कळावं म्हणून की आपण कोणाचं काय मोडलं.

आणि तुमच्यापैकी कोणी असं बाइंडिंग लिहायला घेणार असेल, तर आधी फक्त वाचणारा भाग करा. पॅकेजचं नाव, आवृत्ती, डिपेन्डन्सी, शोध. यातच मालकीचे तिन्ही नियम भेटतील, आणि चूक झाली तर प्रोग्राम पडेल, मशीन नाही. व्यवहाराचा भाग नंतर, आणि तोही एका वेगळ्या फोल्डरला मूळ मानून. लिबअल्पम सुरू करतानाच मूळ कोणतं आणि डेटाबेस कुठे हे विचारते, त्याचा फायदा घ्या. जिथे हेडरमध्ये उत्तर सापडलं नाही आणि कोड वाचून काढावं लागलं, तिथे ते उत्तर टिप्पणी म्हणून मूळ प्रकल्पाकडे पाठवा. ती ओळ स्वीकारली गेली, तर पुढच्या भाषेत बाइंडिंग लिहिणाऱ्याला तो प्रश्न पुन्हा पडणार नाही.

आता प्रश्न घेऊ.